सांगितलेली हकीगत



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत कोणी पाककृती देते, कोणी प्रवासवर्णन लिहिते. यंदा संपादिकाबाईंनी मला इतिहासावर काही लिहा म्हणून सांगितले. इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, किल्ले आणि लढाया येतात. मी सातवीपर्यंत शिकलेली, त्यामुळे लढायांवर लिहिणे माझ्या आवाक्याबाहेरचे. पण इतिहासाचा आणखी एक प्रकार आहे आणि तो प्रत्येक घरात असतो. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर औषध लिहिण्याआधी विचारतात ना, "पूर्वी मोठे दुखणे झाले होते का? मुले किती? पाळी केव्हा गेली? आई कशाने वारली? मावशी, आत्या, बहिणी?" त्याला वैद्यकात रोग्याचा पूर्वेतिहास म्हणतात. आपण साध्या भाषेत हकीगत म्हणू.

या प्रश्नांचा पुष्कळ जणींना कंटाळा येतो. दुखते माझे, आणि चौकशी आत्याची कशाला, असे वाटते. त्यातून कॅन्सरचे नाव घरात उच्चारू नये असा आपल्याकडे अलिखित दंडकच आहे. "तिला तो रोग होता" एवढ्यावर बोलणे संपते. म्हणून या लेखात मला एकच गोष्ट दाखवावयाची आहे. कॅन्सरविषयी आज जे ज्ञान आहे, त्यातील पुष्कळसे बायकांच्या हकीगतींतून हाती आले आहे. आणि ज्या घरात हकीगत सांगितली जाते, त्या घरातील माणसांना रोग वेळेवर ओळखून वाचण्याची संधी अधिक मिळते.

प्रारंभ इटली देशापासून करू. तेथे बर्नार्दिनो रामाझिनी नावाचे एक वैद्य होते. कामगारांच्या रोगांवर त्यांनी १७०० साली एक ग्रंथ लिहिला व १७१३ साली त्याची वाढविलेली आवृत्ती काढली. ग्रीकांचा जुना वैद्य हिपोक्रेटिस याने रोग्याला कोणते प्रश्न विचारावेत हे सांगून ठेवले होते. रामाझिनी म्हणाले, त्यात आणखी एक प्रश्न घाला, 'तुझा धंदा काय?' कुंभार, धोबिणी, दाया, खाणीतले मजूर अशा सर्वांची दुखणी त्यांनी त्यांच्या कामाशी जोडून पाहिली. त्याच ग्रंथात त्यांनी नमूद केले की, मठात राहणाऱ्या जोगिणींना स्तनाचा कॅन्सर इतर बायकांपेक्षा अधिक होतो.

पुढे १८४२ साली त्याच देशातील व्हेरोना शहरात दोमेनिको रिगोनी-स्टर्न यांनी १७६० ते १८३९ या ऐंशी वर्षांच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. त्यांनाही जोगिणींत स्तनाचा कॅन्सर अधिक आढळला. पण दुसरीही गोष्ट दिसली. गर्भाशयाचा कॅन्सर लग्न झालेल्या बायकांत अधिक होता आणि जोगिणींत कमी. एकाच शहरातल्या बायका, हवापाणी एक, पण आयुष्य वेगळे म्हणून रोगही वेगळा. याचे कारण त्या काळी कोणाला सांगता आले नाही. नोंद मात्र राहिली, आणि नोंद राहिली म्हणूनच पुढच्यांना कारण शोधावेसे वाटले.

स्तनाच्या कॅन्सरचे कारण शोधण्याच्या कामी ज्या बाईंनी मोठा हातभार लावला, त्यांचे नाव आपण सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या म्हणजे इंग्लंडच्या डॉ. जॅनेट लेन-क्लेपन. ब्रिटनच्या आरोग्य खात्यासाठी त्यांनी एक पाहणी केली आणि ती १९२६ साली प्रसिद्ध झाली. स्तनाचा कॅन्सर झालेल्या ५०० बायका त्यांनी घेतल्या आणि हा रोग नसलेल्या दुसऱ्या ५०० घेतल्या. दोघींनाही तेच प्रश्न विचारले. लग्न कितव्या वर्षी झाले, मुले किती झाली, अंगावर पाजले का, पूर्वी कोणते दुखणे झाले होते.

कोणी म्हणेल, रोगी बायका विचारल्या ते ठीक, पण निरोगी ५०० कशाला? त्यातच बाईंची हुशारी आहे. समजा, रोग झालेल्या शंभर जणींपैकी चाळीस जणी म्हणाल्या की, "मला पूर्वी छातीला मार लागला होता." लगेच आपण म्हणू, मारामुळे रोग झाला. पण रोग नसलेल्या शंभरांतही चाळीसच जणी तसे म्हणाल्या तर? मग माराचा दोष राहत नाही. म्हणून दोन्ही बाजूंच्या हकीगती शेजारी शेजारी ठेवून पाहाव्या लागतात. त्या तशा ठेवल्यावर दिसले की, रोग झालेल्यांत उशिरा लग्न झालेल्या, मुले कमी झालेल्या किंवा अंगावर न पाजलेल्या बायका अधिक आहेत. जोगिणींच्या कोड्याचा उलगडा यातच होता. मूल होणे आणि अंगावर पाजणे यांमुळे हा धोका काहीसा कमी होतो, हे आज सर्वमान्य आहे. रोग लहान असताना, एका जागी असतानाच शस्त्रक्रिया झालेल्या बायका कितीतरी अधिक वर्षे जगतात, हेही बाईंनी त्या काळी नोंदी ठेवून दाखविले. आज जगभर रोगांची कारणे शोधताना हीच रीत वापरतात.

जोगिणींच्या कोड्याचा दुसरा भाग सुटण्यास मात्र आणखी वेळ लागला. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर एका विषाणूमुळे होतो आणि तो विषाणू शरीरसंबंधातून येतो, हे जर्मनीचे हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी दाखविले. १९८३ साली त्यांना तो विषाणू सापडला व २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. व्हेरोनाच्या नोंदीपासून इथवर येण्यास १४१ वर्षे लागली. आता या विषाणूवर लस आहे आणि तो अंगात आहे की नाही हे पाहण्याची तपासणीही आहे.

ही तपासणी किती उपयोगाची आहे हे जगाला आपल्या मराठवाड्यातील बायकांनी दाखवून दिले, हे वाचून मला फार अभिमान वाटला. १९९९ साली उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांची पाहणी सुरू झाली. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय व बार्शीचे कॅन्सर रुग्णालय त्यात होते. खेड्यांचे चार गट केले होते. ज्या गटात विषाणूची तपासणी एकदाच झाली, त्यात पुढील आठ वर्षांत या रोगाने ३४ बायका दगावल्या. जेथे नेहमीप्रमाणेच चालू ठेवले होते, तेथे ६४. म्हणजे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. शेतात राबणाऱ्या बायका संकोच सोडून तपासणीला आल्या, म्हणून २००९ साली ही गोष्ट जगापुढे मांडता आली.

मुंबईतील काम तर त्याहूनही जुने आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले. तेथे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी, रोगी कोणत्या समाजाचा, तो काय खातो, तंबाखू चघळतो की विडी ओढतो, लग्न कितव्या वर्षी झाले, अशा माहितीवरून कॅन्सरचा अभ्यास केला. त्या काळी हिंदू बायकांत गर्भाशयमुखाचा कॅन्सर अधिक दिसे, तर पारशी बायकांत स्तनाचा. पारशी बायकांची लग्ने उशिरा होत व मुले थोडी असत. लेन-क्लेपनबाईंचेच म्हणणे येथेही प्रत्ययास आले.

खानोलकरांच्या हाताखाली एक मराठी मुलगी काम शिकली. पुण्याच्या हुजूरपागेची विद्यार्थिनी, जन्म १९१७ चा, त्या डॉ. कमल रणदिवे. १९४९ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. उंदरांच्या कुळांवर प्रयोग करून स्तनाच्या कॅन्सरमध्ये आनुवंशिकतेचा वाटा काय, याचा अभ्यास त्यांनी आपल्या देशात आरंभीच्या काळातच केला. १९७३ साली त्यांनी भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना उभारली व १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

आता आनुवंशिकतेचाच विषय निघाला आहे, तर एका शिवणकाम करणाऱ्या बाईची गोष्ट सांगते. अमेरिकेत मिशिगन येथे डॉ. आल्ड्रेड वॉर्थिन नावाचे प्राध्यापक होते. १८९५ साली त्यांच्याकडे शिवणकाम करणारी बाई एकदा उदास दिसली. कारण विचारता ती म्हणाली की, आपण लवकरच मरणार. आपल्या घराण्यात बहुतेक सगळी माणसे आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कॅन्सरनेच जातात. दुसऱ्या कोणी असते तर "वेडे काही मनात आणू नको" म्हणून सोडून दिले असते. वॉर्थिन यांनी तिचे म्हणणे ऐकले, तिच्या घराण्याची वंशावळ लिहून काढली आणि १९१३ साली प्रसिद्ध केली. ती बाई पुढे तिने सांगितल्याप्रमाणेच गर्भाशयाच्या कॅन्सरने वारली.

त्यानंतर या गोष्टीकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९६० नंतर नेब्रास्का येथील डॉ. हेन्री लिंच यांना असाच एक रोगी भेटला. तो म्हणे की, माझ्या घरात सगळे आतड्याच्या कॅन्सरने मरतात, मीही मरणार. लिंच यांनी त्या घराण्याची माहिती जमविली व १९६६ साली लेख लिहिला. कॅन्सर रक्तातून उतरतो हे त्या काळी मोठमोठ्यांना पटत नव्हते. लिंच यांना संशोधनासाठी पैसाही मिळेना. तरी त्यांनी चिकाटी सोडली नाही. त्या शिवणाऱ्या बाईचे घराणेही त्यांनी पुन्हा शोधून काढले. १९९३ साली या रोगाशी संबंधित पहिला जनुक, म्हणजे आईबापांकडून मुलांकडे येणारा गुणांचा बारीक अंश, हाती लागला आणि पुढे त्याच जनुकातला दोष त्या बाईच्या घराण्यातही सापडला. शंभर वर्षांपूर्वी एका शिवणाऱ्या बाईने जे सांगितले होते, ते अक्षरशः खरे ठरले.

नुसते खरे ठरून काय उपयोग, असे कोणी विचारील. तर उपयोग असा. फिनलंड देशात अशा २२ घराण्यांतील माणसांना डॉक्टरांनी सांगितले की, दर तीन वर्षांनी आतडे आतून तपासून घ्या. काहींनी ऐकले, काहींनी नाकारले. पंधरा वर्षांनी, २००० साली हिशेब मांडला. तपासून घेणाऱ्या १३३ जणांत आतड्याच्या कॅन्सरने एकही मृत्यू झाला नव्हता. न तपासलेल्या ११९ जणांत ९ मृत्यू झाले होते. रक्त तेच, घराणी तीच. फरक एवढाच की, काहींनी घराण्याची हकीगत ऐकून पाऊल उचलले.

आईची हकीगत मुलीच्या कशी कामी येते, याचे एक उदाहरण बोस्टन शहरातील आहे. १९३८ साली स्टिलबेस्ट्रॉल नावाचे औषध तयार झाले. गर्भपात होऊ नये म्हणून अमेरिकेत ते गरोदर बायकांना देत. १९५३ साली शिकागोच्या डॉक्टरांनी दाखवून दिले की, त्याचा त्या कामी काही उपयोग होत नाही. तरी ते देणे चालूच राहिले. पुढे १९६६ ते १९६९ च्या सुमारास बोस्टनच्या एका रुग्णालयात १५ ते २२ वर्षांच्या मुलींना योनिमार्गाचा असा कॅन्सर आढळू लागला की, जो त्या वयात जवळजवळ कोणी पाहिलाच नव्हता. डॉक्टर बुचकळ्यात पडले. तेव्हा एका मुलीच्या आईने विचारले, मी गरोदरपणी ते औषध घेतले होते, त्याचा तर हा परिणाम नसेल ना?

डॉ. आर्थर हर्ब्स्ट व त्यांच्या सोबत्यांनी हा प्रश्न टाकून दिला नाही. आठ रोगी मुलींच्या आयांना विचारले, तेव्हा सात जणींनी ते औषध घेतलेले निघाले. मग रोग नसलेल्या ३२ मुलींच्या आयांना विचारले. त्यांत एकीनेही घेतलेले नव्हते. १९७१ च्या एप्रिलमध्ये ही माहिती छापून आली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकन सरकारने, हे औषध गरोदर बायकांना देऊ नये, असा इशारा दिला. ज्यांच्या आयांनी ते घेतले होते, त्या मुलींची वरचेवर तपासणी सुरू झाली. ज्या आईने तो प्रश्न विचारला तिचे नाव आपल्याला ठाऊक नाही. पण किती लेकी तिच्या बोलण्याने वाचल्या असतील!

या सर्वांवर कळस चढविला तो डॉ. मेरी-क्लेअर किंग या बाईंनी. स्तनाचा कॅन्सर काही घराण्यांत आईकडून मुलीकडे का येतो, हे त्या अनेक वर्षे शोधीत होत्या. २३ घराण्यांतील १४६ रोगी बायकांच्या माहितीवरून त्यांनी १९९० साली दोषी जनुकाची जागा दाखविली. १९९४ साली तो जनुक हाती आला. त्याचे नाव बीआरसीए एक. पुढच्याच वर्षी त्याचा जोडीदार बीआरसीए दोन सापडला. हा दोष असलेल्या शंभर बायकांपैकी सुमारे सत्तर जणींना ऐंशी वर्षांपर्यंत स्तनाचा कॅन्सर होऊ शकतो. म्हणून त्यांची तपासणी लवकर सुरू करतात, आणि ज्यांना हवे त्यांना आगाऊ शस्त्रक्रियेचा मार्गही खुला असतो.

येथे दोन-तीन गोष्टी स्पष्ट करावयास हव्यात, नाहीतर वाचून उगीच घाबरगुंडी उडावयाची. पहिली गोष्ट, शंभर कॅन्सरांपैकी असे जन्मजात दोषाने होणारे फक्त पाच ते दहा असतात. घरात एखाद्या म्हाताऱ्या माणसाला कॅन्सर झाला म्हणजे घराणे शापित झाले असे नव्हे. दुसरी गोष्ट, आईबापांपैकी एकात दोष असला तरी तो मुलात येण्याचा संभव निम्मा असतो. आणि तो बापाकडूनही येतो. म्हणून आत्या व आजी, म्हणजे वडिलांची आई, यांची चौकशी मावशीइतकीच महत्त्वाची. तिसरी गोष्ट, "आमच्यात कोणाला नाही" म्हणून निर्धास्त राहू नये. स्तनाचा कॅन्सर झालेल्या बहुसंख्य बायकांच्या आईला वा बहिणीला तो झालेला नसतो. गाठ लागली, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून गेले, तोंडातला चट्टा भरून येत नाही, तर घराण्याचा विचार न करता तडक डॉक्टरकडे जावे.

आणि हकीगत म्हणजे फक्त नातलगांची नव्हे, स्वतःचीही. आपल्यातल्या कित्येक जणी मशेरी लावतात आणि डॉक्टरांनी विचारले, "तंबाखू खाता का?" तर "छे छे!" म्हणतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, ती सांगितलीच पाहिजे. पूर्वी कावीळ झाली होती का, हृदयाचे दुखणे आहे का, मधुमेह आहे का, हेही लपवू नये. कॅन्सरच्या काही औषधांचा ताण हृदयावर पडतो. एका जातीच्या काविळीचा विषाणू शरीरात दडून बसतो आणि या औषधांनी पुन्हा उसळू शकतो. ते आधी कळले तर डॉक्टर औषध बदलतात किंवा बंदोबस्त करतात. उपचार लागू पडणे न पडणे असे कधी कधी आपल्या एका वाक्यावर अवलंबून असते.

आता जे मनात आहे ते बोलते. आपल्याकडे कुलवृत्तांत छापतात. त्यात पणजोबांना कोणत्या गावचे इनाम होते हे सापडते. पणजी कोठची, हे कधी सापडते, कधी नाही. ती कशाने वारली हे मात्र कोठेच नसते. लग्नाच्या वेळी आपण छत्तीस गुण मोजतो, गोत्र पाहतो, पण मुलीच्या हाती तिच्या आजीच्या दुखण्याची माहिती देत नाही. माझ्या आईच्या आईला "अंगावरून जाण्याचे दुखणे" होते, एवढेच आम्हा बहिणींना ठाऊक आहे. ते कोणते, कितव्या वर्षी सुरू झाले, हे सांगणारे आता कोणी उरले नाही. अशा किती घरांत किती गोष्टी सरणावर गेल्या असतील!

लपविण्याचे कारणही मला कळते. "त्यांच्यात कॅन्सर आहे" अशी कुजबूज झाली की मुलीचे स्थळ मोडते, सुनेकडे बोट दाखविले जाते. म्हणून आई गप्प बसते. तिला दोष देऊन चालणार नाही. दोष द्यावयाचा तर कुजबुजणाऱ्यांना द्यावा, आणि त्यांत आपण बायकाच पुष्कळ असतो. कॅन्सर हा काही कुळाचा कलंक नव्हे, आणि तो शिवल्याने लागत नाही. हकीगत ही चव्हाट्यावर मांडण्याची वस्तू नाही; पण डॉक्टरांपुढे आणि आपल्या लेकीपुढे ती झाकून ठेवण्याचीही नाही. सासरी गेलेल्या मुलीला ती हक्काने मिळाली पाहिजे, आणि घरात आलेल्या सुनेला ती निर्धास्तपणे सांगता आली पाहिजे. एवढे तरी आपण सासवांनी करावे.

बोलण्याने फरक पडतो, याचा दाखला बार्शीस मिळाला आहे. मुंबईत डॉ. दारब जस्सावाला यांच्या पुढाकाराने १९६३ साली कॅन्सरची नोंदवही सुरू झाली. ती देशातली पहिली. १९८७ साली बार्शीकडच्या खेड्यांसाठी तशीच नोंदवही उघडली. खेड्यात इस्पितळे थोडी, म्हणून तिथले लोक गावोगाव जाऊन विचारपूस करीत आणि लक्षणेही समजावून सांगत. त्या बोलण्याचा परिणाम असा झाला की, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका पूर्वीपेक्षा लवकर, रोग थोडा असतानाच येऊ लागल्या.

म्हणून माझी मंडळाला एक सूचना आहे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण प्लॅस्टिकचे डबे लुटण्याऐवजी एक एक लहानशी वही लुटू या. तिच्यात प्रत्येकीने आई, वडील, दोन्हीकडच्या आज्या व आजोबा, भाऊ, बहिणी, मावश्या, आत्या, काका, मामा यांची नावे लिहावीत. कोणाला कोणते मोठे दुखणे झाले, कितव्या वर्षी झाले, हे समोर लिहावे. कॅन्सर असल्यास कोणत्या अवयवाचा तेही लिहावे, कारण वय आणि अवयव या दोन गोष्टी डॉक्टरांना सर्वांत उपयोगी पडतात. खाली स्वतःची बाळंतपणे, शस्त्रक्रिया, घेतलेली मोठी औषधे यांची नोंद करावी. तपासणीचे जुने कागद त्याच वहीत ठेवावेत. घरातील वडीलधारी माणसे अजून बोलती आहेत तोवर त्यांच्यापाशी बसून विचारावे. आणि मुलगी जाणती झाली, म्हणजे दागिन्यांच्या डब्याबरोबर ही वहीही तिच्या हाती द्यावी.